मातीचें कबूतर आणि शिशाचें पाप

मनुष्याच्या क्रौर्यापेक्षां त्याच्या दयेची तपासणी अधिक कसोशीनें करावी लागते. क्रूर कर्म उघड्यावर घडतें. तें डोळ्यांस खुपतें, आणि आज ना उद्यां त्याच्याविरुद्ध कोणीतरी आवाज उठवितो. परंतु दयेचें प्रशस्तिपत्र एकदां हातीं आलें, कीं मनुष्य निश्चिंत होतो आणि आपल्या हातून पुढें काय घडत आहे हें पाहण्याचें सोडून देतो. सुधारणेला जडणारा हा रोग फार जुना आहे. त्याचें एक बोलकें उदाहरण म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एक अगदीं निरुपद्रवी दिसणारा खेळ मांडणार आहों. हा खेळ म्हणजे मातीच्या कबुतरांची नेमबाजी.

"आमच्या खेळांत एकाही प्राण्याचा जीव जात नाहीं," हें या खेळाच्या पुरस्कर्त्यांचें आवडतें वाक्य आहे, आणि ऐकणाराही बहुधा तें खरें मानून स्वस्थ बसतो. तें वाक्य खरें नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. आणि ज्या एका वस्तूमुळें तें मुख्यतः खोटें ठरतें ती वस्तु टाकून दिली तर तें खरें करतां येईल, हेंही आमचें म्हणणें आहे. ती वस्तु म्हणजे काडतुसांतील शिसें.

प्रथम खेळाचें स्वरूप ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ज्याला मातीचें कबूतर म्हणतात तें कबुतराच्या आकाराचें तर नसतेंच, आणि आतां मातीचेंही राहिलेलें नाहीं. तें एक बशीसारखें ठिसूळ चक्र असतें. व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारें १०५ ग्रॅम. चुनखडीची भुकटी आणि डांबराच्या जातीची राळ यांच्या मिश्रणाचें केलेलें. 'ट्रॅप' या ऑलिंपिक प्रकारांत जमिनीच्या पातळीखालीं एका खंदकांत १५ यंत्रें मांडलेलीं असतात. नेमबाज त्यांच्या मागें १५ मीटरांवर उभा राहतो आणि हांक देतो. त्या हांकेसरशी कोणत्या तरी एका यंत्रांतून चक्र सुटतें आणि ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगानें दूर पळूं लागतें. कोणत्या दिशेस, किती उंचीवर, हें त्याला आधीं कळत नाहीं. क्षणार्धांत बंदूक वळवून, चक्राच्या पुढें नेम धरून चाप ओढावा लागतो. १२ बोअरच्या दुनळींतून २४ ग्रॅम शिशाचे बारीक छर्रे, संख्येनें तीनशेंच्या आसपास, एका झोतानें बाहेर पडतात आणि चक्राचा धुरळा होतो. दृष्टि, हात आणि चित्त यांची अशी एकतानता फार थोड्या खेळांत लागते, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

या चक्राचा जन्म कसा झाला ही कथाही मोलाची आहे. पूर्वीं इंग्लंडांत हा खेळ जिवंत कबुतरांवर चाले. पेटाऱ्यांत कोंडलेलीं कबूतरें दोरी ओढून सोडीत आणि तीं पंख पसरतात न पसरतात तोंच त्यांच्यावर बार काढीत. त्या पेटाऱ्यालाच 'ट्रॅप' म्हणत, आणि खेळाचें आजचें नांव त्याचीच खूण आहे. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकांत हा प्रकार जगाच्या साक्षीनें झाला. बेल्जियमचा लेआँ द लुंदाँ हा २१ पक्षी मारून पहिला आला. परंतु त्याच्या कितीतरी आधींच कित्येकांच्या मनास या खेळाची शिसारी येऊं लागली होती. अमेरिकेंत कबुतरांच्या ऐवजीं कांचेचे पोकळ गोळे उडवूं लागले, आणि १८८० सालीं सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यानें भाजलेल्या मातीचें चपटें चक्र शोधून काढलें. पुढें ब्रिटनमध्यें १९२१ सालीं, पिंजऱ्यांतून सोडलेल्या पक्ष्यांवर बंदूक झाडण्यास कायद्यानेंच मनाई झाली.

ही सुधारणा क्षुल्लक नव्हती. आपल्या परंपरेंतील एक दाखला येथें सहज आठवतो. यज्ञांत जिवंत पशूच्या जागीं पिठाचा पशु करावा, असें मध्वसंप्रदायानें शतकांपूर्वीं प्रतिपादिलें आणि पिष्टपशूच्या प्रश्नावर मोठे वाद झाले. देवीपुढें बोकडाच्या ऐवजीं कोहळा कापणारीं घराणीं आपल्याकडे आहेत. विधि राहिला, वध गेला. मातीचें कबूतर हें क्रीडेच्या यज्ञांतलें पिष्टपशूच होय.

यावर कांहीं कडवे अहिंसावादी म्हणतात कीं पक्षी बदलला, पण मन तेंच राहिलें. जो चक्र फोडतो तो मनांत कबूतरच मारीत असतो. हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. मनांतल्या हिंसेचा न्याय करण्यास बसलें, तर बुद्धिबळाच्या पटावर प्यादें मारणारालाही फांशीं द्यावें लागेल. धनुर्विद्येचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी मनांत खून करीत असतो असें कोणी म्हणेल काय? प्रवृत्तीला निरुपद्रवी वाट काढून देणें हें संस्कृतीचें कामच आहे. तेव्हां या खेळाशीं आमचें भांडण त्याच्या हेतूविषयीं मुळींच नाहीं. ज्या हेतूनें कबूतर मातीचें केलें तो हेतु अर्ध्या वाटेंत सोडून दिला, हें आमच्या तक्रारीचें मूळ आहे.

आतां थोडें गणित करूं. एखादा लहानसा क्लब घ्या: चाळीस सभासद, आठवड्याचा एक दिवस, प्रत्येकाचे पन्नास बार, आणि वर्षाचे पन्नास आठवडे. ही कल्पनेंतली जुळणी आहे, पण अतिशयोक्तीची नव्हे. हौशी मनुष्य एका सकाळींच शंभर बार काढतो. या हिशेबानें वर्षाला एक लक्ष बार होतात. बारामागें २४ ग्रॅम धरलें, तर वर्षाला २,४०० किलो शिसें, म्हणजे तीन कोटि छर्रे, त्या एका मैदानावर पडतात. चक्र फुटो वा न फुटो, छर्रे पुढें जातातच. बहुतेक सारे शंभर ते दोनशें मीटरांच्या टापूंत येऊन जमिनीवर विखुरतात. असें एक वर्ष नव्हे, वीस वर्षें चालूं द्या. ४८ टन शिसें! ज्या गांवच्या शिवारांत एखादा कारखाना इतकें शिसें उघड्यावर ओतील त्या गांवचे लोक स्वस्थ बसतील काय? पण येथें ओतणारे सभ्य गृहस्थ असतात, सुटीच्या दिवशीं येतात, आणि त्या ओतण्याला खेळ म्हणतात. म्हणून कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं.

हें केवळ कागदी गणित नव्हे, याला न्यायालयाच्या दप्तराची साक्ष आहे. अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत स्ट्रॅटफर्ड गांवीं लाँग आयलंड साउंडच्या कांठीं लॉर्डशिप येथें असाच एक क्लब होता. तो रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कंपनीच्या मालकीचा. सुमारें सत्तर वर्षें तेथें चक्रें फुटत राहिलीं. १९८६ च्या अखेरीस गोळीबार बंद झाला. पुढें किनाऱ्यावरील कोळ्यांच्या संघानें कंपनीवर दावा लावला, आणि १९९३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें दिलेल्या निकालपत्रांत जे आंकडे आहेत ते असे: जमिनीवर आणि लगतच्या पाण्यांत मिळून जवळजवळ ५० लक्ष पौंड शिसें, आणि १ कोटि १० लक्ष पौंड चक्रांच्या ठिकऱ्या! पाण्यांत पडून राहिलेलें हें शिसें आणि या ठिकऱ्या कायद्याच्या दृष्टीनें 'घनकचरा' ठरतात, असा निर्णय त्या न्यायालयानें दिला. ज्या क्लबानें एकही पक्षी पेटाऱ्यांतून सोडून मारला नाहीं, त्याच्या मैदानापुढच्या पाण्यांत बदकें शिशाच्या विषानें बाधित झालेलीं आढळलीं. मातीच्या कबुतरांच्या खेळांत जीव जात नाहीं म्हणणारांनीं त्या बदकांस काय उत्तर द्यावें?

हें विष कसें चढतें तें पाहण्यासारखें आहे. पक्ष्याला दांत नसतात. दाणा दळण्यासाठीं तो बारीक खडे गिळतो आणि ते त्याच्या पेषणींत जात्यासारखें काम करतात. अडीच मिलिमीटरांहूनही लहान, गोल, गुळगुळीत छर्रा त्याला खडा वाटतो किंवा दाणा वाटतो. तो उचलतो आणि गिळतो. पेषणींतील घर्षणानें छर्रा झिजतो, तेथील आम्लांत विरघळतो, आणि शिसें रक्तांत उतरतें. मग स्नायु लुळे पडतात, पंख लोंबूं लागतात, गळ्याच्या पिशवींत अन्न असूनही तें खालीं सरकत नाहीं, आणि भरल्या गळ्यानें तो पक्षी उपासमारीनें मरतो. लहान पक्ष्याच्या बाबतींत एकदोन छर्रेही प्राणघातक ठरूं शकतात. त्याचें कलेवर घारीगिधाडांनीं खाल्लें, तर तेंच शिसें त्यांच्याही पोटांत जातें. आणि दाणे टिपीत उघड्या माळावर हिंडणाऱ्या पक्ष्यांत पारवे आणि होले हे अग्रगण्य आहेत! ज्याच्या दयेसाठीं चक्राचा शोध लागला, तोच पक्षी त्या चक्रावर झाडलेल्या छर्ऱ्यांनीं मरूं शकतो. पेटाऱ्यांतून सुटलेल्या कबुतराला निदान बाराच्या आवाजासरशी मरण येत असे. याला तें आठवड्यांनीं येतें, आणि तें पाहण्यास तेथें कोणी नसतें. बदल झाला तो इतकाच कीं मारणाराला आतां आपला बळी दिसत नाहीं.

पक्ष्यांवरच हें थांबतें असेंही नाहीं. अशा मैदानांवरील गवत वा मुरघास खाऊन गुरें शिशाच्या बाधेनें दगावल्याच्या नोंदी पशुवैद्यकाच्या ग्रंथांत आहेत. चक्रांतील दगडी कोळशाच्या डांबरानें डुकरांना विषबाधा झाल्याचेंही पशुवैद्यांस फार दिवसांपासून ठाऊक आहे. जमीन आम्लधर्मी असेल तर शिसें अधिक लवकर विरघळतें आणि मातींत व पाण्यांत उतरतें. मनुष्याच्या, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम काय होतो हें आतां सर्वांस माहीत आहे. शिशाचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें स्पष्ट सांगितलें आहे. आपल्या देशानें २००० सालीं पेट्रोलमधून शिसें काढून टाकलें तें याच भयानें. मोटारीच्या धुरांतून आपण जें विष हद्दपार केलें तेंच बंदुकीच्या नळींतून माळावर पेरावयाचें, ही कोणत्या शहाणपणाची रीत?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला युक्तिवाद असा कीं शिसें हें भूमींतूनच निघालें आणि भूमींतच परत गेलें. यांत बिघडलें काय? सोमलही भूमींतूनच निघतो. म्हणून तो कोणी अंगणांत शिंपडीत नाहीं. खाणींत खोलवर दगडांत अडकून पडलेलें शिसें वेगळें, आणि पक्ष्याच्या चोंचींत मावेल अशा बेतानें बारीक करून पृष्ठभागावर पसरलेलें वेगळें.

दुसरा युक्तिवाद असा कीं रायफल आणि पिस्तूल यांच्या मैदानांवरही शिसें उडतें, मग छर्ऱ्यांनाच कां बोल लावतां? महाराष्ट्रांतील वाचकांस हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटेल. कारण कोल्हापूरकडचे स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसांत रायफलमध्यें कांस्यपदक मिळविल्यापासून नेमबाजीचें नांव आपल्या घराघरांत पोहोंचलें आहे. पण दोहोंत मोठा फरक आहे. रायफलची गोळी एका ठराविक भिंतींत वा मातीच्या बांधांत जाऊन रुतते. ती तेथून काढतां येते, मोजतां येते, त्या जागेला कुंपण घालतां येतें. छर्ऱ्यांचा झोत आकाशांत उधळला जातो आणि एकरोगणती जमिनीवर पाऊस पडावा तसा पडतो. एकाचा कचरा पेटींत पडतो, दुसऱ्याचा वाऱ्यावर. जे दोघांना एकाच तागडींत घालतात ते विचार टाळीत असतात.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, आणि त्याला प्रामाणिकपणें तोंड दिलें पाहिजे. शिशाच्या जागीं पोलादी छर्रे वापरावे, तर पोलाद हलकें; शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८ च्या आसपास. म्हणून पोलादी छर्ऱ्याचा वेग लवकर मंदावतो. जुन्या, पातळ नळीच्या बंदुकांस तो मानवत नाहीं. कठीण पृष्ठभागावर आपटून तो उसळतो. हें सर्व खरें आहे. परंतु यांतील एकही अडचण अशी नाहीं कीं तिच्यापुढें हात टेकावे. वेग मंदावतो म्हणून छर्रा किंचित् मोठा घ्यावा. क्लबांतलीं चक्रें बहुधा ज्या अंतरावर फुटतात त्या अंतराला तो पुरेसा आहे. उसळणाऱ्या छर्ऱ्यासाठीं डोळ्यांवर चष्मा लागतो. तो शहाणा नेमबाज आजही लावतो. जुन्या बंदुकांचा प्रश्न मात्र खरा आहे. पण आजोबांची दुनळी भिंतीवर शोभते, म्हणून नातवाच्या जमिनींत विष पेरावें असा त्याचा अर्थ होत नाहीं. डेन्मार्कनें १९९६ पासून शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातलेली आहे. त्या बंदीनें तेथील नेमबाजी बुडाली काय? त्याच देशाच्या अँडर्स गोल्डिंग यानें २०१२ सालीं लंडनला, आणि येस्पर हॅन्सन यानें २०२१ सालीं भरलेल्या टोकियो ऑलिंपिकांत, 'स्कीट' या चक्रांच्याच प्रकारांत रौप्यपदक मिळविलें. अमेरिकेनें १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिसें बंद केलें. युरोपीय संघानें फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागीं व त्यांच्या लगत शिशाचे छर्रे झाडण्यास मनाई केली. तेथेंही आधीं हींच भाकितें ऐकूं येत होतीं.

चौथा युक्तिवाद ऑलिंपिकचा. आंतरराष्ट्रीय सामन्यांत शिशाचींच काडतुसें रूढ आहेत. मग आमच्या मुलांनीं सराव कशानें करावा? बिकानेरचे महाराज करणीसिंह यांनीं १९६२ सालीं कैरोच्या जागतिक स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें. २००४ सालीं अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं 'डबल ट्रॅप'मध्यें रौप्यपदक जिंकलें. मानवजितसिंह संधू २००६ सालीं 'ट्रॅप'चे जगज्जेते झाले. हांगझोच्या आशियाई स्पर्धांत २०२३ सालीं आपल्या संघानें सुवर्णपदक आणलें. या यशाचा आम्हांसही अभिमान आहे, आणि तें पुसून टाकावें असें आम्ही म्हणत नाहीं. पण हिशेब पाहा. देशाच्या वतीनें खेळणारे नेमबाज किती, आणि रविवारची करमणूक म्हणून चक्रें फोडणारे किती? मूठभर खेळाडूंच्या गरजेची ढाल पुढें करून हजारों हौशी लोकांच्या आळसाचें रक्षण करणें हा युक्तिवाद नव्हे, ही पळवाट आहे. ज्यांना खरोखर शिसेंच लागतें त्यांच्यासाठीं मोजकीं मैदानें ठेवावीं. तेथें छर्रे अडविण्यास जाळ्या व बांध असावेत, पडलेलें शिसें नियमानें वेंचून काढावें, मातीची व पाण्याची तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल गांवकऱ्यांस वाचावयास मिळावा. बाकीच्यांना शिशावांचून काय अडतें तें त्यांनीं सांगावें.

कोणी म्हणेल, जो खेळ आपल्याकडे अजून थोड्याच मैदानांपुरता आहे त्याच्यावर एवढा दारूगोळा कां खर्चावा? आम्ही म्हणतों, याचसाठीं. हा खेळ खर्चाचा आहे म्हणून तो आजवर संस्थानिकांच्या, सैनिकांच्या आणि धनिकांच्या वर्तुळांत राहिला. परंतु पदकांमागें पैसा येतो, पैशामागें क्लब येतात, आणि क्लबांमागें जमीन लागते. ती जमीन शहरांत मिळणार नाहीं. ती कोणत्या तरी गांवच्या माळावर, गायरानाच्या कडेला, तलावाच्या कांठीं शोधली जाईल; कारण तशी जागा स्वस्त असते, मोकळी असते, आणि तेथें चरणारीं गुरें व टिपणारे पक्षी क्लबाच्या सभेंत हरकत घ्यावयास येत नाहींत. पाश्चात्त्य क्लबांना हें अनेक पिढ्यांनंतर कळलें, आणि तेथें न्यायालयाची पायरी चढावी लागली. आपल्याला तें आरंभींच ठाऊक आहे. दुसऱ्याच्या चुकीचें फळ फुकट हातीं आलें असतां तीच चूक पुन्हां विकत घेणें याला काय म्हणावें?

म्हणून आमच्या मागण्या अगदीं थोड्या आहेत. करमणुकीच्या व शिक्षणाच्या नेमबाजींत शिशाचा छर्रा नसावा. चक्रें डांबरी राळेवांचून केलेलीं असावींत; तशीं आज बनतात. पाण्यावर, पाणथळीवर आणि पिकाच्या वा चराईच्या जमिनीवर बाराची दिशा कधींही नसावी. आणि ज्या क्लबाला शिसें वापरण्याची विशेष मुभा हवी असेल त्यानें किती शिसें उडविलें आणि किती परत वेंचलें याचा जमाखर्च दरवर्षीं चारचौघांपुढें मांडावा. या अटींत खेळाचें कौशल्य तिळभरही कमी होत नाहीं. चक्र तेंच, वेग तोच, हांक तीच, चक्र फुटतांना होणारा आनंदही तोच.

सरकार कायदा करील तेव्हां करील. तोंवर ही गोष्ट बऱ्याच अंशीं पालकांच्या हातीं आहे. मुलाचें वा मुलीचें नांव क्लबांत घालण्यापूर्वीं आपण शुल्क विचारतों, शिक्षक कोण तें विचारतों, सुरक्षिततेची चौकशी करतों. त्यांत आणखी एक प्रश्न घालावा: तुमच्या काडतुसांत काय आहे, आणि तें कोठें जाऊन पडतें? चिटणीस उत्तर देण्यास कचरला, तर त्या क्लबाची दया पेटाऱ्यापाशींच थांबली आहे असें खुशाल समजावें.